टीव्हीकडे पाठ करून

धसईत आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा रविवारी सकाळी अर्धी आळी घरात शिरायची. डोंगरातल्या पाड्यावरून लाकडाची मोळी घेऊन येणारी एक बाईही त्यात असायची. तिचं नाव आम्ही कधी विचारलं नाही. मोळी अंगणात टाकून ती आत यायची आणि टीव्हीकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून बसायची. तंबाखू मळत एकेकाला न्याहाळायची.

"अगो, मागं बग ना, चित्र तिकडं हाय," आई म्हणायची.

"मी तुमचीच तोंडं बगते."

आमच्या घरातली तोंडं काही बघण्यासारखी नव्हती.

एका रविवारी मालिकेतली सासू मेली. आईने डोळ्याला पदर लावला, बाबांनी दोनदा नाक ओढलं, मी तर चक्क हुंदके दिले. बाईचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला.

"कोन मेलं?"

"सासू," आई कशीबशी म्हणाली.

बाईने आमच्यावरून सावकाश नजर फिरवली.

"मागल्या शिमग्यात तुमची म्हातारी गेली, तवा जाळायला लाकडं मीच आनली व्हती. तवा तर कोन एवढं रडलं नाय."

बाबा उठले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.