न रडणारं मूल

बालविकासाच्या तासाला आम्हाला एका काचेमागे बसवतात. पलीकडच्या मुलांना आम्ही दिसत नाही. आज एका दीड वर्षाच्या बाळाला खेळत ठेवून त्याची आई बाहेर गेली. ते रडलं नाही. ती परत आली तरी त्याने मान वर केली नाही. ठोकळ्यावर ठोकळा रचत राहिलं.

"किती शहाणं आहे!" मी म्हणाले.

"रडणाऱ्यांची मला एवढी काळजी वाटत नाही," आमच्या प्राध्यापक बाई हळूच म्हणाल्या.

माझा हात वहीवरच थांबला. या देशात शिकायला निघाले त्या दिवशी आई माझ्या लेकीला काऊ दाखवायला परसात घेऊन गेली आणि तेवढ्यात मी बॅगा उचलल्या. निघताना रडारड नको म्हणून आपल्याकडे असंच करतात.

खोलीवर येऊन घरी व्हिडिओ कॉल लावला. लेक पाठमोरी खेळत होती. मी दोनदा हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. फोनची काचही तसलीच निघाली.

"आता अजिबात रडत नाही गं," आई कौतुकाने सांगत होती. "फक्त परसात नेलं की काऊकडे बघतच नाही. मान वळवून दाराकडे बघत राहते."