मोडीतले टाळ

जवळा बाजारच्या आठवडी बाजारात मी पितळ-काशाची मोड विकत घेतो. एक म्हातारा दर बाजारी येतो. मोडीत टाळजोडी दिसली की ती कानाजवळ एकदाच वाजवतो आणि नाद विरेपर्यंत डोळे मिटून उभा राहतो. मग मी सांगितलेल्या भावाच्या दुप्पट पैसे पुढं ठेवतो.

“काहून जास्त देता, काका?”

“तू वितळवायला धाडू नये म्हणून. आमच्या भजनातले टाळ हायेत हे. माणसं गेली, लेकरायनं मोडीत काढले. घरी एकटाच एकेक वाजवतो. ज्याचा त्याचा आवाज येतो.”

गेल्या बाजारी त्यानं पिशवीतून स्वतःचे टाळ काढले आणि माझ्या कानाजवळ वाजवले.

“हा आवाज ध्यानात ठेव. हे मोडीत येतील तवा जास्तीचे पैसे द्यायला मी नसंन.”