तीन फिटर आणि माझी कणीक

आमच्या घरात तीन फिटर आहेत, म्हणून गिरणी दोन दिवस जास्त बंद राहिली.

मामंजी रिटायर फिटर, आमचे हे चाकणच्या कंपनीत आणि भाऊजी भोसरीच्या वर्कशॉपमध्ये. तिघांनी माझ्यासाठी भंगारातून जुनी पिठाची गिरणी आणली. काळेवाडीत घरबसल्या दळण करायचं, एवढीच माझी हौस. शेजारच्या कदमकाकूंनी दिवाळीची भाजणीसुद्धा सांगून ठेवली. माझं पहिलं गिऱ्हाईक!

दसऱ्याला पूजेआधी मी गिरणी साबण लावून, दोन बादल्या पाणी ओतून घासली. (भांडं असो की मशीन, मला धुण्याची एकच रीत येते.) आठ दिवसांनी पुलीवर पट्टा चढवायला गेले तर आतला दांडा, म्हणजे शाफ्ट, जाम! गंजून दगड झालेला.

"आधी पुली काढा. डिझेल सोडा," मामंजी म्हणाले.

"डिझेलनं काय होतंय आप्पा? गरम करू," भाऊजी म्हणाले.

"सरका दोघं. हातोडा कुठंय?" हे म्हणाले.

तिघांनी तिन्ही केलं. डिझेलवर गॅसची टॉर्च! धूर बघून कदमकाकू पाण्याची बादली घेऊन धावल्या. (ती मी वाटेतच अडवली. तेवढी अक्कल आली होती.)

"अगं, भाजणी मी भाजलीय! तू फक्त दळायचीय! उद्या नाही झालं तर दुसरीकडे नेते हं."

दुसऱ्या दिवशीही घणाघण चालूच, पुली हलेना.

"पुलीला स्क्रू असतोच की! हिला का नाही?" हे वैतागले.

मी स्वयंपाकघराच्या दारात घामाघूम. अकरा वर्षांत मामंजींपुढे 'चहा घ्या' याच्यापुढे माझी गाडी गेली नव्हती. पण भाजणी चालली होती!

"मामंजी... पुलीला एक भोक होतं. ते मी दसऱ्याला बुजवलं. झुरळं जातील म्हणून."

"कशानं?"

"कणकेनं. वर हळदकुंकू लावलं."

ह्यांचा हातोडा हवेतच थांबला. मी केसातली पिन काढून वाळलेली कणीक टोकरली. आत स्क्रू! तो सैल करताच दोन टोल्यांत पुली बाहेर आली. मामंजींनी शाफ्टला तेल पाजलं, हळूहळू ठोकत संध्याकाळी तो फिरवला आणि पहिल्यांदाच मला म्हणाले, "सूनबाई, चालू कर."

भाजणी मऊ निघाली. काकूंनी गव्हाचं दळणपण माझ्याकडेच लावलं. आता दळणाला रांग असते.

यंदाच्या दसऱ्यालाही पूजा मीच केली. फक्त पाण्याचा तांब्या भाऊजींकडे होता, कणकेचा डबा मामंजींकडे आणि हे माझे दोन्ही हात बघत उभे होते!