मागच्या बाकावरून वर झालेला हात
बाजारात उकडलेल्या शिंगाड्यांचा वास आला की मला आमच्या नगरपंचायतीची ती पहिली सभा आठवते. ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, गाव शहर झालं, म्हणून आम्ही गुलाल उधळला होता. सभा बघायला मी मागच्या बाकावर बसलो होतो. शेजारी तलावात मासे धरणाऱ्या ढिवर समाजातली, शिंगाडे लावणारी एक म्हातारी होती, तिच्या हातांना तोच वास. बसस्टँडची सांडपाण्याची नवी नाली तलावात सोडायचा विषय निघाला, तशी ती ग्रामसभेत उठायची तशीच पदर सावरत उठली. "नालीचं पानी तलावात कायले सोडून राहिले? आमी खावं तरी काय?" मुख्याधिकारी नरमाईनं म्हणाले, "आजी, ही ग्रामसभा नाही. इथं फक्त सदस्य बोलतात. तुमच्या नगरसेवकाला सांगा." आमच्या मतांवर निवडून आलेला तो नगरसेवक समोरच बसला होता, पण त्यानं मान वर केली नाही. नगराध्यक्षांनी विचारलं, "कोणाचा विरोध?" म्हातारीनं सवयीनं हात वर केला. नगराध्यक्षांची नजर सदस्यांच्या रांगांवरून फिरली, मागं आलीच नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. कोणीतरी बघेल म्हणून तिचा हात बराच वेळ तसाच होता. आता बाजारात तिची सून शिंगाडे विकते. परवा मी विचारलं, कुठले? "बाजूच्या गावचे," ती म्हणाली. "तिथं आजून ग्रामपंचायत हाय."