गिरीजच्या वाडीतला रहाट

भुताखेतांच्या बातम्या कापून टाकणं हा माझ्या नोकरीचाच भाग होता. मुंबईतल्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. ‘हे तुम्ही स्वतः पाहिलंत का? दुसरा साक्षीदार कोण?’ एवढं विचारलं की वार्ताहर मुकाट्याने कॉपी परत न्यायचे. या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचताना अजूनही माझा हात पेन्सिल शोधतो. हा अनुभव मात्र माझा स्वतःचा आहे... आणि त्याला दुसरा साक्षीदारही आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. माझा धाकटा भाऊ सुहास मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याच्या वर्गातली काही मुलंमुली रविवारी वसईजवळ गिरीजला आरोग्य शिबिर घ्यायची. शिबिराची जागा म्हणजे पास्कूकाकांची ओटी. चर्चमधली रविवारची मिस्सा सुटली की पेशंट यायला लागायचे. पास्कूकाकांची केळी-भाजीची वाडी होती. त्यांची बायको, फिलूमावशी, सगळ्या टोळीला जेवू घालायची.

पेशंटना सुहास फार आवडायचा. तो प्रत्येकाला आवर्जून विचारायचा, “झोप लागते का?” तो स्वतः झोपत नव्हता, हे घरात मला आणि आईला माहीत होतं. वॉर्डातलं एक लहान मूल दगावल्यापासून हे सुरू झालं होतं. विचारलं की “परीक्षा आहे” एवढंच म्हणायचा. शिबिरामुळे त्याला बरं वाटतंय, अशी आमची समजूत होती. तरी त्या रविवारी आईने मला मुद्दाम त्याच्याबरोबर पाठवलं.

दुपारी जेवताना फिलूमावशीने त्याला टोकलंच. “डॉक्टर, सगळ्यांना झोपेचं विचारता, तुम्ही झोपता की नाय? डोळे बघा जरा, शिजवलेल्या कोळंबीसारखे झालेत.”

सगळे हसले. सुहासही हसला. “तुमचं कालवण जेवलो ना मावशी, आता बघा कसा झोपतो.”

ताटातलं त्याने चिवडलं होतं फक्त. हात धुवायला म्हणून तो मागच्या दाराने गेला.

मी ओटीवर पास्कूकाकांशी बोलत बसलो. मागच्या वाडीतून रहाटाची करकर येत होती — लाकडी चाक, पाण्याने भरलेले डबे, संथ, एका लयीत. मी मुंबईचा. वाडी म्हटली की रहाट असणारच, असं धरून चाललो होतो.

करकर एकदम थांबली.

त्यासरशी आतून फिलूमावशी ओरडली, “रहाट थांबला रे! बघा कोणीतरी, रेडा बसला की काय!” हातातलं भांडं टाकून ती स्वतःच धावली. “कुठला रहाट? हिला झालंय काय आज?” पास्कूकाका पुटपुटले. मी मात्र उठून तिच्या मागे गेलो.

विहिरीच्या कठड्यावर सुहास पाय आत सोडून बसला होता. चपला बाजूला नीट जोडून ठेवलेल्या.

मावशीने मागून त्याचा दंड पकडला आणि त्याला अलीकडे ओढलं. “ये बाळा. इकडे ये. बस माझ्याजवळ.” तो रडला नाही. तिने ओढलं तसा तिच्याजवळ येऊन बसला.

त्याला घट्ट धरून बसल्यावर मावशीने वर पाहिलं. मीही पाहिलं. विहिरीवर रहाट नव्हता. चाक बसवायचे दगडी खांब तेवढे उभे होते. बाजूला विजेचा पंप होता, तोही बंद.

“रहाट काढून किती वर्षं झाली...” ती हळूच म्हणाली. “रेडा तर त्याच्याही आधी विकला.”

रहाट चालू असतो तोवर घरात त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. थांबला की मात्र जो जवळ असेल त्याने धावायचं, ही तिला लग्न होऊन आल्यापासून लागलेली सवय. ती तशीच धावली होती, विचार न करता.

मी नंतर माझ्या पद्धतीने चौकशी केली. शेजारच्या सगळ्या वाड्यांत पंप आलेले होते. त्या दुपारी गावात वीज नव्हती. पास्कूकाका माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. आणि सुहास म्हणाला, “मला काही ऐकूच येत नव्हतं, दादा. बरेच दिवस.”

त्याच आठवड्यात आम्ही त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. नातेवाईक कुजबुजले, “वेड्यांच्या डॉक्टरकडे?” त्याचं एक वर्ष वाया गेलं, पण तो डॉक्टर झाला. पुढे शिकवायला लागला. वर्गातलं एखादं बोलकं पोर गप्प झालं की हा उठून त्याच्या हॉस्टेलच्या खोलीवर जातो. बोलावलेलं नसलं तरी.

मध्ये एकदा फिलूमावशीला भेटलो, तेव्हा तिची उलटतपासणीच घेतली. आवाज कुठून आला, आधीपासून होता का, दुसरं काही असेल का... तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“भाऊ, विहिरीवर रहाट नव्हता हे मलापण कळतं,” ती म्हणाली. “पण मग थांबलं ते काय?”