खोत गुरुजींच्या मैदानातलं शिसं

भूगर्भशास्त्र विभागात दगड साठतात तसेच किस्सेही साठतात. मुद्दाम कुणी आणत नाही, पण कपाट उघडलं की अंगावर येतात. मी तिथला प्रयोगशाळा सहायक, तानाजी. सांगताना थोडं तिखट-मीठ लावतो, हे माझी बायकोही सांगेल. पण खोत गुरुजींच्या मैदानाचं सांगताना वाढवायची गरज पडत नाही. निम्म्या चुका माझ्याच आहेत.

*

गुरुजींची शाळा उचगावच्या पलीकडं. मैदान खोलगट, म्हणून बाहेरून माती आणून भर टाकली. एक पालक म्हणाला, ही फौंड्रीतली, ओतकामाची माती हाय, ह्यात शिसं असतंय, पोरांच्या पोटात जाईल. गुरुजींनी त्याच दिवशी मैदानाच्या फाटकाला कुलूप घातलं आणि आमच्या इनामदार मॅडमकडं आले.

"मॅडम, एवढंच सांगा. पोरांनी खेळायचं का न्हाय?"

मॅडम विभागप्रमुख. राजारामपुरीतून स्कूटीवर येतात आणि वाटेतल्या खडीचं वय सांगतात. त्यांनी कपाटातून एक्सआरएफची, म्हणजे क्ष-किरणांनी धातू मोजायची बंदूक काढली. दिसायला ड्रिल मशीनसारखी. मातीवर टेकवायची, खटका दाबायचा, मिनिटभरात पडद्यावर लोखंड किती, जस्त किती, शिसं किती, सगळं हजर.

"मग दाबा की," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, ही आकडा कायम देती," मॅडम म्हणाल्या. "खरा आकडा मात्र काढून घ्यावा लागतोय."

*

पहिल्या दिवशी मॅडम मीटिंगमध्ये अडकल्या. मी एकटाच शाळेत गेलो. आदल्या दिवशी पाऊस झालेला. चिखलावर बंदूक टेकवली, शिसं नावालाच. "खेळू देत," म्हणून मी मोकळा. गुरुजींनी चहा पाजला, वर भडंगाची पिशवी दिली.

मॅडमनी आकडे बघितले. "तानाजीराव, माती वाळवली होती?"

"न्हाय."

"मग तुम्ही निम्मं पाणी मोजलंय. पाणी किरणं गिळतंय, आकडा खाली बसतोय. करा गुरुजींना फोन."

फोन केला. कुलूप परत लागलं. भडंग परत करता आलं नाही, ते संपलं होतं.

*

मग मॅडमनी सांगितलं, माती वाळवा, कुटा, चाळा. लॅबची चाळण फाटलेली. मी हुशारी केली, घरातली सासूबाईंची पितळी चाळण आणली. असली बारीक माती चाळली की बघणाऱ्याला वाटावं, तळहातावर घेऊन पावडर लावावी.

मॅडम पडद्याकडं बघत राहिल्या. "ह्यात तांबं आणि जस्त एवढं कुठनं आलं? गुरुजींच्या शाळेखाली पितळेची खाण हाय काय?"

मी चाळण पाठीमागं लपवली. उपयोग झाला नाही. सगळी माती पुन्हा आणली, नायलॉनच्या चाळणीतून चाळून पुड्या बांधल्या. घरी बायको म्हणाली, "आता त्या चाळणीत तुम्ही मातीच चाळा. माझ्या पिठाला लावायची न्हाय." चाळण अजून माझ्या टेबलावर आहे, पेन ठेवायला.

*

तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी पान्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग बंदुकीनं काय पाप केलंय? मी हार घातला, उदबत्ती ओवाळली आणि तेलात कालवलेल्या शेंदराचा ठसठशीत टिळा लावला. कुठं? नाकावर. जिथून किरणं बाहेर पडतात तिथंच.

दसऱ्यानंतर मोजायला बसलो. पहिल्या पुडीत शिसं. दुसरीत शिसं. सगळ्यांत शिसं. मी घाबरून गुरुजींना कळवलं. त्यांनी पालकांची सभा बोलावली.

मॅडम आल्या. "आधी कोरी वाळू दाखवली होती काय बंदुकीला?"

कोरी वाळू म्हणजे शुभ्र गारगोटीचं पीठ, त्यात शिसं असूच शकत नाही. मी दाखवली नव्हती. आता दाखवली, तर त्यातही शिसं.

मॅडमनी बंदूक उलटी केली, नाक बघितलं, माझ्याकडं बघितलं. शेंदूर म्हणजे शिशाचंच भस्म, हे मला त्या दिवशी कळलं. नाकावरचा पातळ पडदा बदलला आणि वाळू पुन्हा कोरी झाली.

"पूजेला माझी ना न्हाय," मॅडम म्हणाल्या. "हार घाला, नारळ फोडा. नाकाला तेवढा हात लावू नका."

दुसऱ्या कुणा साहेबानं मेमो दिला असता. मॅडमनी वही दिली. आधी कोरी वाळू, मग आकडे माहीत असलेली माती, मग आपली, प्रत्येक तीनदा. सगळं लिहायचं, चूकसुद्धा. आज लोक माझ्या आकड्यावर विश्वास ठेवतात, ते त्या वहीमुळं. मॅडमचे आभार मी कधी तोंडानं मानले नाहीत. वही मात्र एक दिवस चुकवली नाही.

*

गुरुजींचा विश्वास मात्र उडाला होता, आणि त्यांचं काय चुकलं? एकदा हो, एकदा नाही. शेवटी ते स्वतःच सात पुड्या घेऊन आले. वाळवलेल्या, नंबर घातलेल्या. "ह्यावेळी माती मी आणलीया. मी हितंच बसतो."

बसले. मी वहीप्रमाणं सगळं केलं. मॅडमनी आकड्यांवरून बोट फिरवलं.

"गुरुजी, दोन आणि सहा एकाच खड्ड्यातली माती हाय."

गुरुजी पहिल्यांदा हसले. "मुद्दाम घातलीती. तुमची परीक्षा."

"पास झालो?"

"झाला."

"मग निकाल ऐका. सहा पुड्या चांगल्या हायत. साध्या मातीत असतंय तेवढंच शिसं. चार नंबरात मात्र लई हाय, तीनदा बघितलं. तो कोपरा बंद ठेवा. पोरं तिथं फिरकता कामा न्हाईत."

गुरुजींनी चार नंबरची पुडी उचलली, खाली ठेवली, परत उचलली.

"ही मैदानातली न्हाय, मॅडम."

"मग?"

"माझ्या अंगणातली. घरची चांगलीच असणार, म्हणून घातली. ताळा करायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मैदानाचं फाटक उघडलं. पोरं यायच्या आधी मैदानात एकच जण होतं. गुरुजींची तीन वर्षांची नात, बादली आणि खेळण्यातल्या फावड्यासकट.