ललिताच्या अंगणातलं गवत

पवनीच्या धुरपताला धाकट्या बहिणीचं नवं घर कसंबसं पचलं होतं, पण त्या अंगणातलं गवत काही केल्या पचेना. गवत! तेही विकतचं! आणि निघालं काय, तर हरळी. उभा जन्म धानाच्या बांध्यांतून धुरपताने जी मुळासकट उपटून फेकली, तीच ललिताने नर्सरीवाल्याकडून गालिच्यासारखी अंथरून घेतली. "कमी पाण्यावर जगते म्हणे! नखरे नुसते," धुरपता भेटेल त्याला सांगत सुटली. खरं म्हणजे तिचा जळफळाट होत होता. एकाच बापाच्या पोरी, अन् एकीच्या डोक्यावर स्लॅब, दुसरीच्या डोक्यावर पत्र्याच्या टिना.

ऐन उन्हाळ्यात ललिता मुलाकडे नागपूरला निघाली. जाताना तिने घराची एक चावी धुरपताच्या हातावर ठेवली. "ताई, दुपारची येत जा. गवताले पाणी देजो."

पाणी देतंय माझं खेटर! धुरपताने चावी पदराला बांधली ती बांधलीच. रोज बाजाराला जाताना मात्र ती कंपाउंडवरून मान उंच करून बघायची. गवत पिवळं पडलं, मग तणसीसारखं वाळलं. तिच्या जिवाला गारवा वाटला. दुपारी तापलेल्या टिनांखाली ओलं लुगडं अंगावर घेऊन ती पडायची, अन् ते वाळलं गवत आठवलं की उकाडाही सोसवायचा.

ललिता परत आली. धुरपता तोंड पाडून हजर. "काय करू वं, ऊनच तसं पडलं!" ललिताने पदर खोचला. तिने पाइप लावला. चार-सहा दिवसांनी धुरपता पुन्हा डोकावली, तर अंगणभर हिरवे कोंब!

"मेलं कसं नाही वं हे?"

"मरत नाही ते. पाणी नसलं का झोपून राहते, पाणी भेटलं का उठते. म्हणून तं लावलं."

"मंग मले कायले पाणी द्यायले सांगतलं?"

ललिता पाइप गुंडाळत म्हणाली, "नुसती चावी देली असती तं तू घेतली असती का? तुह्या टिना किती तापतात, मले माहीत नाही का? म्हटलं, पाण्याच्या निमित्तानं येशील, अन् दुपारभर कूलरपुढं पडशील."

धुरपता पदराची गाठ सोडू लागली. घर हिचं मोठं, अंगण हिचं मोठं, आता मनही हिचंच मोठं निघावं! मेलीचा तिला असा हेवा वाटला, असा हेवा वाटला, की तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.